सतरंजी कोणी विणली?



आपल्या चळवळीत एक शब्द रूढ आहे. 'सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता.' पुढारी भाषण करून गाडीत बसतो. रात्री बारा वाजता मैदानात जो मागे उरतो, सतरंज्या झटकतो, घड्या घालतो आणि मंडपवाल्याच्या हवाली करतो, तो हा. तुम्ही-आम्ही सगळे त्यातलेच. कधी हा शब्द हिणवायला वापरतात, कधी आपणच अभिमानानं वापरतो. पण ती सतरंजी विणली कोणी, हे कोणी विचारत नाही.

मी हा प्रश्न वऱ्हाडापुरता विचारतोय. अमरावती आणि अकोला ही दोन्ही शहरं कापसानं फुगली. इथला बाजार कापसाचा, इथली रेल्वे कापसासाठी आली, इथले वाडे कापसाच्या पैशातून उठले. अशा शहरांच्या चौकात विणणाऱ्याची काही खूण असायला पाहिजे होती. मी दोन्ही गावांचे चौक पायी फिरलो. पुतळे आहेत, कारंजी आहेत, कमानी आहेत. माग मला कुठंच दिसला नाही.

चरखा मात्र दिसतो. अमरावतीहून वर्ध्याकडं गेलं की सेवाग्रामला अजस्र चरखा उभा केलेला आहे. दिल्लीच्या विमानतळावर २०१६ साली सागवानी लाकडाचा भला थोरला चरखा बसवला, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावा म्हणून. सरकारला सुताची, कापडाची कला चौकात आणावीशी वाटली की हात चरख्याकडंच जातो.

आता साधा हिशोब करा. चरख्यावर सूत निघतं. कापड चरख्यावर निघत नाही. कापड मागावर निघतं. मग सूत कातणाऱ्या चाकाला चौक मिळतो आणि कापड विणणाऱ्या मागाला का मिळत नाही? माझं म्हणणं असं की हा निव्वळ योगायोग नाही. मागावर कोण बसत होतं ते बघितलं की कारण कळतं. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१

जुन्या वऱ्हाडात विणकाम एकाच जातीचं नव्हतं. कोष्टी विणत, साळी विणत, मोमीन विणत. आणि महारही विणत. हे शेवटचं वाक्य शाळेच्या पुस्तकात सापडत नाही. तिथं महार म्हणजे वेस राखणारा, सांगावा नेणारा, मेलेलं ढोर ओढणारा. पण रसेल आणि हिरालाल या दोघांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड छापले, त्यात महारांच्या कामात गावकीच्या जोडीला जाडंभरडं कापड विणण्याची नोंद आहे. विदर्भात आपली माणसं विणकर होती. एक कसब होतं. ते हातात होतं आणि डोक्यातही होतं.

कापडातही उतरंड होती. रेशीमकाठी लुगडं साधारणपणे कोष्ट्याच्या मागावरचं. कुणब्याच्या अंगावरची जाडी खादी, थंडीतली पासोडी, हे महाराच्या मागावरचं. म्हणजे गावाला ऊब देणारं कापड गावकुसाबाहेर तयार होत होतं. विणणाऱ्याच्या हाताचा विटाळ होता, त्याच हातानं विणलेल्या कापडाचा नव्हता. त्या पासोडीत गाव बिनघोर झोपत होतं.

आणि विणणाऱ्याच्या अंगावर काय होतं? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळानं मेलेल्याची वस्त्रं घालावीत असा हुकूम आहे. गावगाड्यात त्याचं रूप म्हणजे प्रेतावरचं कापड. ते महाराचा 'हक्क' म्हणून सांगितलं जाई. जो जित्याचं कापड विणायचा त्याला मेल्याचं कापड मिळायचं. याला हक्क म्हणायचं, असं या व्यवस्थेनं ठरवलं होतं.

माग कसा होता? माझी आजी सांगायची, "तुह्या आजाच्या बापाचा माग होता बापू. घरातच खड्डा. पाय खड्ड्यात अन् हात सुतात." खड्डामाग म्हणतात तो हाच. विणणारा जमिनीवर बसतो, पाय खाली खड्ड्यात सोडतो. पायानं पावड्या दाबतो, की उभे धागे वर-खाली होऊन मधे वाट उघडते. त्या वाटेतून हातानं धोटा फेकायचा. धोट्यात कांडी, कांडीवर आडवा धागा. मग फणीनं तो धागा ठोकून बसवायचा. उभा धागा म्हणजे ताणा, आडवा म्हणजे बाणा. त्याआधी ताण्याला खळ द्यायची, तो वाळवायचा, मोकळा करायचा. ताणा पसरायला घर पुरत नाही, गल्ली लागते. म्हणजे विणकराच्या वस्तीत गल्लीच कारखाना असते. बाया सूत काततात, पोरं कांड्या भरतात, म्हातारी माणसं तुटलेला धागा जोडतात. एक हात थांबला की सगळं थांबतं.

वऱ्हाडात सतरंजीसाठी नाव होतं अकोटचं आणि बाळापूरचं. बाळापूरची पागोटीही नावाजलेली. जुन्या सरकारी गॅझेटिअरांत या गावांचा आणि या मालाचा उल्लेख आहे. गाव आहे, माल आहे. विणणाऱ्याचं नाव नाही.

सतरंजीची एक गोष्ट ध्यानात ठेवा. साध्या कापडात ताणा आणि बाणा दोन्ही दिसतात. सतरंजीत तसं नसतं. बाण्याचा जाड रंगीत धागा लोखंडी पंज्यानं इतका गच्च ठोकतात की ताणा पार झाकून जातो. निळे-तांबडे पट्टे आपल्याला दिसतात ते सगळे बाण्याचे. ज्याच्यावर सतरंजी उभी आहे तो धागा डोळ्याला दिसतच नाही.

२

१८५३ साली निजामाच्या डोक्यावरच्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. इंग्रजांना वऱ्हाड का पाहिजे होता? काळी माती आणि तिच्यातला कापूस. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथल्या दक्षिणेच्या राज्यांत निग्रो गुलामांच्या श्रमावर कापूस पिकत होता, तो मँचेस्टरला जात होता. युद्धात तो बंद पडला. मँचेस्टरच्या गिरण्यांनी कापसासाठी इकडं तोंड वळवलं. भाव चढले. मुंबईहून निघालेली रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा करत १८६७ साली नागपूरला पोचली. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोनं स्वतः येऊन खामगावचा कापूस बाजार आणि रेल्वेचा फाटा सुरू केला. १८८६ साली कारंज्याला देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार भरला. १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला.

हे सगळं प्रगती म्हणून शिकवतात. त्याच वर्षांत दुसरीकडं काय चाललं होतं? सरकारनं मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी एक कापूस कमिशनर नेमला होता, रिव्हेट-कार्नाक नावाचा. त्याच्या अहवालात त्यानं लपवाछपवी केली नाही. विलायती कापड इथं स्वस्तात भरलं की देशी विणकाम मागे पडेल, इथं खपणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल आणि विणणारे हात शेतीला लागतील, असा त्याचा हिशोब होता. म्हणजे माग काही आपोआप बंद पडला नाही. तो बंद पडावा अशी इच्छा धरून बसलेले लोक होते आणि त्यांच्या हातात रेल्वे होती.

आजी पुढं सांगायची, "मंग दुकानातलं कापड सस्तं झालं. आपलं कोण घेते मंग? खड्डा बुजवला अन् त्याच्यावर चूल मांडली."

असे किती खड्डे बुजले असतील! कोष्ट्याचा खड्डा बुजला तेव्हा त्याच्या हलाखीची निदान नोंद झाली, कारण सरकारच्या लेखी तो विणकर होता. महाराचा खड्डा बुजला तेव्हा सरकारच्या लेखी काहीच घडलं नाही, कारण त्याच्या नावापुढं गावकामगार आणि मजूर लिहिलेलं होतं. कसब गेलं, आणि कसब होतं याची आठवणही गेली. विणणारा माणूस जिनिंग-प्रेसिंगमध्ये हमाल झाला. त्याची बायको सरकी वेगळी करायला बसली. अकोल्याच्या, अमरावतीच्या वस्त्या अशाच माणसांनी वाढल्या. ज्या कापसाचं आपण कापड करत होतो, त्याच कापसाच्या गाठी आपण पाठीवर वाहू लागलो.

इथं जरा मँचेस्टरला जाऊ. युद्धात कापूस थांबला तेव्हा तिथले गिरणी कामगार उपाशी मरत होते. तरीही ३१ डिसेंबर १८६२ ला त्यांनी सभा घेतली आणि गुलामगिरी मोडायला निघालेल्या लिंकनला पाठिंबा कळवला. लिंकननं जानेवारी १८६३ मध्ये त्यांना पत्र लिहून उत्तर दिलं. आज मँचेस्टरच्या एका चौकात लिंकनचा पुतळा आहे आणि त्याच्या चौथऱ्यावर त्या पत्रातला मजकूर कोरलेला आहे. म्हणजे त्या गावानं आपल्या उपाशी कामगारांची बाजू दगडात लिहून ठेवली. इकडं जोतिबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामगिरी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली. कापसाचा एकच धागा मँचेस्टरचा कामगार, अमेरिकेतला काळा गुलाम आणि वऱ्हाडातला महार विणकर यांच्यातून गेलेला आहे. पहिल्या दोघांची खूण जगात कुठं ना कुठं उभी आहे. तिसऱ्याची नाही.

३

मग गिरण्या आल्या. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ची. पुढं बडनेरा, अकोला, अचलपूर इथंही गिरण्या उभ्या राहिल्या. ज्याचा माग गेला त्याला गिरणीत माग मिळायला पाहिजे होता, बरोबर? विणकाम त्याला येत होतंच.

मुंबईच्या गिरण्यांत काय झालं ते बघा. तिथं अस्पृश्य कामगार कातणखात्यात चालत होता. विणखात्यात चालत नव्हता. विणखात्यात पगार जास्त. अडचण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढावं लागे. एकच धोटा दोघातिघांच्या तोंडाला लागणार. सवर्ण कामगार म्हणाला, आमच्या तोंडाला यांचा धोटा नको. हा कामगारांचाच एक भाग दुसऱ्या भागाला म्हणत होता, मालक नव्हे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी यावर बोट ठेवलं. विणखातं अस्पृश्यांना खुलं करा ही मागणी तुमच्या मागण्यांत का नाही, असं त्यांनी कामगार पुढाऱ्यांना विचारलं. वर्गाची भाषा बोलणाऱ्यांना जातीचं उत्तर द्यावं लागलं ते तिथं.

धोटा तोंडानं ओढायची रीत विलायतेतही होती. त्यातून रोग पसरतात म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ साली तिच्यावर बंदी घातली. इंग्लंडमध्ये १९५२ साली ती बंद झाली. तिकडच्या लोकांना धोट्यातून क्षयाची भीती वाटली. आपल्याकडच्या लोकांना विटाळाची वाटली. यंत्र तेच होतं, थुंकी तीच होती.

म्हणजे विणकर म्हणून आपल्याला दोनदा काढून टाकलं. पहिल्यांदा विलायती कापडानं, दुसऱ्यांदा जातीनं. वऱ्हाडातल्या गिरण्यांचंही पुढं काय झालं ते आपल्यासमोर आहे. १९७४ च्या कायद्यानं आजारी गिरण्या सरकारनं घेतल्या, त्यात अकोल्याची सावतराम रामप्रसाद मिल आणि अचलपूरची विदर्भ मिल होती. सावतरामचा भोंगा ज्यांनी ऐकला ती माणसं आता म्हातारी झाली.

४

आता चरख्याकडं येऊ. १९२१ साली गांधीजींनी झेंड्यावर चरखा आणला. १९३१ साली काँग्रेसनं स्वीकारलेल्या तिरंग्यातही चरखा होता. बामण-बनियांच्या घरातली माणसं, वकील, शिक्षक रोज थोडा वेळ सूत कातू लागली. कातणं हे देशभक्तीचं काम झालं. चांगलं झालं. पण विणणं देशभक्तीचं झालं नाही. विणणं धंदाच राहिला, आणि धंदा जातीकडंच राहिला. चरखा मांडीजवळ घेऊन फोटो काढता येतो. खड्ड्यात पाय सोडून आठ-आठ तास धोटा फेकणाऱ्याचा फोटो झेंड्यावर जात नाही.

बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केलं याचा हिशोब मांडला. त्यात यंत्राबद्दलची त्यांची भूमिका स्पष्ट आहे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, आणि फुरसत असली तरच संस्कृती येते. यंत्र वाईट नाही, यंत्राचा फायदा मूठभरांनी लाटणं वाईट. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हातमाग होता त्यानं हातमागाचं गाणं गाऊ नये, हे त्यांच्याकडून शिकायचं आहे. मी पुढं जे म्हणणार आहे ते या मर्यादेत राहून.

१९४७ च्या जूनमध्ये झेंड्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष राजेंद्रप्रसाद. तीत बाबासाहेब होते. २२ जुलै १९४७ ला घटना समितीनं झेंडा मंजूर केला तेव्हा चरख्याच्या जागी अशोकाचं चक्र आलं. चाक राहिलं, पण कातायचं चाक जाऊन धम्माचं चाक आलं. कापड मात्र खादीचंच ठरलं, हातकताई आणि हातविणाईचं. महाराष्ट्रात ते झेंडे नांदेडला तयार होतात. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनं यंत्रावरचं आणि पॉलिस्टरचंही कापड चालू लागलं. इतक्या वर्षांत झेंड्याला सलाम झाला, चक्राची चर्चा झाली, रंगांचे अर्थ लागले. ज्या हातांनी ते कापड विणलं त्यांना कोणी मंचावर बोलावलं नाही.

५

मग आपली सार्वजनिक कला नाहीच का? आहे. ती दुसऱ्या कोणी दिलेली नाही आणि ती बहुतेक कापडाचीच आहे. आपण तिला कला म्हणत नाही इतकंच.

१३ नोव्हेंबर १९२७ ला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. प्रश्न अंबादेवीच्या मंदिराचा होता. पंजाबराव देशमुख, ग. आ. गवई ही वऱ्हाडातली माणसं त्या लढ्यात होती. पुढच्याच महिन्यात महाडला बाबासाहेब बायांशी बोलले. जात ओळखू येईल असं लुगडं नेसू नका, असे दागिने घालू नका, चांगलं नीट नेसा, असं त्यांनी सांगितलं. कापड हे राजकारण आहे हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं. ज्यांना मेल्याचं कापड 'हक्क' म्हणून दिलं होतं त्यांना हे ताबडतोब कळलं.

म्हणून चौकातला पुतळा बघताना त्याच्या अंगावरचं कापड वाचायला शिका. अमरावतीच्या इर्विन चौकात बाबासाहेब आहेत, भीमटेकडीवर आहेत, अकोल्यात अशोक वाटिकेत आहेत. आपल्या गावोगावच्या पुतळ्यांत ते कोट घालून उभे असतात. काही शहाणे त्या कोटाला नावं ठेवतात, विलायती म्हणतात. त्यांना मेल्याच्या कापडाची गोष्ट माहीत नसते. तो कोट म्हणजे मनुस्मृतीच्या त्या हुकुमाला दिलेलं उत्तर आहे. कोल्हापुरात माधवराव बागलांनी ९ डिसेंबर १९५० ला बिंदू चौकात फुले आणि आंबेडकरांचे पुतळे बसवले, बाबासाहेब हयात असताना. त्यानंतर गावोगाव, वर्गणी काढून, एकेक रुपया गोळा करून आपण पुतळे उभे केले. या देशात गरिबांनी आपल्या पैशानं घडवलेलं एवढं शिल्प दुसऱ्या कोणाचं आहे?

आणि गाडगेबाबा बघा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा परटाचा पोरगा. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खराटा. दुसऱ्यांनी टाकलेल्या कापडाचे तुकडे त्यांनी अंगावर असे घातले की बघणाऱ्यालाच लाज वाटावी. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या संस्थेला दिली. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ ते गेले, बाबासाहेबांच्या मागे चौदा दिवसांनी. कोट आणि चिंधी या दोन पुतळ्यांत वऱ्हाडातल्या कापडाचा अर्धा इतिहास सांगून होतो.

विदर्भातलं सगळ्यात मोठं सार्वजनिक चित्र कोणतं विचाराल तर मी १४ ऑक्टोबर १९५६ चं नाव घेईन. नागपुरात लाखो माणसं पांढरी वस्त्रं घालून आली. वऱ्हाडातून रेल्वेनं आली, बैलगाडीनं आली, पायी आली. पांढरं धोतर, पांढरं लुगडं. अंगावरची जात धुऊन काढल्यासारखं एक मैदानभर पांढरं कापड. कोणी चित्रकार नव्हता, ठेकेदार नव्हता. ते चित्र लोकांनीच काढलं.

निळा झेंडा तसाच. पंचरंगी धम्मध्वज तसाच. तो १८८५ साली कोलंबोत तयार झाला. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, नारिंगी असे पाच उभे पट्टे, आणि शेवटी तेच पाच रंग आडवे एकावर एक. ताणा आणि बाणा! ज्यांनी तो बनवला त्यांच्या मनात माग नसेलही. पण विणकराच्या घरातल्या माणसाला तो तसा दिसल्याशिवाय राहत नाही. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले हे तीन गुरू मानले. त्यातला मधला तर मागावर बसणारा विणकरच होता.

६

एका तरुण कार्यकर्त्याला मी हे सगळं सांगितलं. तो अकोल्याचा. त्यानं तोंडावर विचारलं, "दादा, माग कायले उकरून काढता? बाबासाहेबानं जातीचे धंदे सोडाले सांगतले. आमी सोडले. आता त्याचा पुतळा कायले?"

प्रश्न खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. हातमागाचा गौरव करून आपल्याला पुन्हा खड्ड्यात बसवायचे प्रयत्न होतात. 'परंपरागत कौशल्य' हा शब्द ऐकला की मला भीती वाटते. परंपरा त्यांची असते आणि कौशल्य आपलं. प्रदर्शनात मांडलेल्या नक्षीदार सतरंजीची किंमत वाढते, विणणाऱ्याची वाढत नाही.

पण आपण धंदा सोडणं वेगळं आणि आपल्याकडून तो हिसकावून घेणं वेगळं. मेलेलं ढोर ओढणं आपण सोडलं, लाथ मारून सोडलं. माग आपण सोडला नाही. तो कमिशनरच्या हिशोबानं गेला आणि विणखात्याच्या दारावर जातीनं पुन्हा अडवला. पहिल्याची आठवण ठेवायची ती पुन्हा तिथं जायचं नाही म्हणून. दुसऱ्याची ठेवायची ती येणं बाकी आहे म्हणून. आपल्याला अडाणी मजूर ठरवणाऱ्यांना सांगायचं, की आम्ही कारागीर होतो, पुरावा हा चौकात उभा आहे.

म्हणून मला चौकात माग पाहिजे. पण फुलांच्या ताटव्यात ठेवलेला, रंगीत दिव्यांचा, गोड माग नको. त्याच्याजवळ तो खड्डा पाहिजे. तोंडानं ओढायचा धोटा पाहिजे, आणि विणखात्यात कोणाला प्रवेश नव्हता ते ठळक अक्षरांत पाहिजे. जिनिंगमधल्या बाया पाहिजेत, कापसाची गाठ पाठीवर घेतलेला हमाल पाहिजे, भोंगा पाहिजे. खेड्यातली विणकर वस्ती शहरातली कामगार वस्ती कशी झाली, ते न वाचता येणाऱ्या माणसालाही कळलं पाहिजे. तरच ती सार्वजनिक कला. नाहीतर सुशोभीकरण.

संधी समोर आहे. २० सप्टेंबर २०२४ ला अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्यानाची पायाभरणी झाली, नांदगाव पेठेकडं, एक हजार एकरावर. पुन्हा एकदा वऱ्हाडातल्या कापसाचं वऱ्हाडातच कापड होणार असं सांगतात. त्या उद्यानाच्या दारात काही ना काही उभं राहणारच. आपण बोललो नाही तर तिथंही चरखा येईल. आपण दोन गोष्टी विचारायच्या. दारात कोणाची खूण लावता? आणि आत, मागावर, कोणाला घेता? पहिला प्रश्न दुसऱ्यासाठी विचारायचा. भिंतीवर आपलं चित्र आणि आतल्या नोकरीत आपण नाही, असा सौदा आपल्याला नको.

पण सरकार देईल तेव्हा देईल. तोवर हातात असलेली कामं करू या. आपापल्या वस्तीतल्या सत्तर-ऐंशीच्या वरच्या आयाबायांकडं वही घेऊन बसा. घरात माग होता का, खड्डा कुठं होता, काय विणायचे, कोण न्यायचं, काय द्यायचं, कधी बंद पडला, ते त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. धोटा, फणी, पंजा कोणाच्या माळ्यावर पडला असेल तर भंगारात जाऊ देऊ नका. जिनिंगमधल्या, मिलमधल्या माणसांची नावं लिहा, त्यांची खाती लिहा. जिनिंग-प्रेसिंग पाडून तिथं दुकानं निघत आहेत, पाडायच्या आधी फोटो काढा. अकोट आणि बाळापूरच्या जुन्या सतरंज्या कोणाच्या घरी असतील तर त्यांचे पट्टे कागदावर उतरवून घ्या.

आणि येत्या १४ एप्रिलला विहाराची एक भिंत यासाठी मोकळी ठेवा. वस्तीत बोर्ड रंगवणारा पोरगा असतोच, आपले फलक वर्षानुवर्षं त्यानंच रंगवले आहेत. त्याला सांगा, खड्डामागापासून सुरू कर. नंतरचं काय काढायचं ते त्या बाया सांगतील. मिरवणूक त्या भिंतीपुढं पाच मिनिटं थांबवा आणि डीजे बंद करून एका म्हातारीला बोलू द्या.

जय भीम.